दाबलेल्या फांद्या

"या बाजूच्या फांद्यांना कात्री लावू नका, भाऊजी. त्यांनी मुळं धरलीत."

वहिनी असं म्हणाली तेव्हा माझी कात्री त्यातल्याच एका फांदीवर टेकलेली होती. मी हात मागे घेतला. मोगऱ्याच्या झुडपाच्या बुडाशी, जमिनीलगत वाढलेल्या काही फांद्या तिनं वाकवून मातीत दाबल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक दगड ठेवला होता. शेंडे तेवढे बाहेर राहिले होते. तिनं एक दगड बाजूला केला, बोटानं थोडी माती उकरली आणि मला दाखवलं. खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळं सुटली होती.

"कशाला एवढी रोपं?" मी विचारलं. "वाडीत आता जागा कुठे आहे?"

"लागतील कुठेतरी," ती म्हणाली आणि पुढच्या झुडपाकडे वळली.

आमची वाडी केळव्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मध्ये सुरूच्या झाडांची रांग, म्हणून खारा वारा आत फारसा येत नाही. वडील होते तोवर तिथे पानवेली होत्या. ते गेल्यावर माझ्या मोठ्या भावानं, भालचंद्रनं, वेली काढून मोगरा लावला. त्याला मी भाई म्हणायचो. वाडीचं सगळं त्याच्या हिमतीवर चाललं होतं. मी त्याच्या हाताखाली. आणि त्या छाटणीच्या चार-पाच महिने आधी, गणपती झाल्यावर, भाई काविळीनं गेला. आजारी पडला तेव्हा वाटलं होतं पथ्यपाणी केलं की उठेल. उठला नाही.

मागे राहिलो आई, वहिनी, तिची अडीच वर्षांची मनू आणि मी. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वहिनी माझ्याहून थोडी मोठी.

ती बोर्डीची. तिचे वडील अण्णा शाळामास्तर. अकरावी होऊन ती शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेली होती. पहिलं वर्ष संपता संपता आमच्या घरचं स्थळ आलं आणि ट्रेनिंग तिथेच राहिलं. आमच्याकडे आल्यावर मोगऱ्याचं काम ती अशी शिकली की भाईसुद्धा तिला विचारायचा. तेराव्यानंतर ती पहिल्यांदा वाडीत आली त्या दिवशी दिवसभर वाकून फांद्या दाबत होती. मला वाटलं, हाताला चाळा हवा म्हणून करते आहे. आईनं तिला घरात बोलावलं नाही. ती मागच्या दारात उभी राहून नुसती बघत होती.

आता संक्रांत उलटून गेली होती. गावातल्या बायका हळदीकुंकवाला दारावरून जात होत्या तेव्हा वहिनी मागच्या खोलीत बसून होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला म्हटलं की पाणी तोडून महिना झाला, पानं पिवळी पडली, आता छाटणी लांबवायला नको. त्याप्रमाणे आम्ही दोघं कामाला लागलो होतो. भाई कमरेएवढी झुडपं ठेवायचा. ती गुडघ्याच्या खाली उतरवत होती. भाई असता तर इतकं खाली घेतलं नसतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात कळी बारीक आली. भाईचं नाव ती असं सहज घ्यायची. त्यामुळे मलाही घेता यायचं. घरात आईसमोर ते जमत नसे.

मनू कापलेल्या काटक्यांच्या ढिगावर बसून खेळत होती. भाई गेल्यापासून ती रात्री माझ्याशिवाय कुणाजवळ झोपत नसे. माझ्या खांद्यावर मान टाकली की तिला झोप लागायची, मग मी तिला हळूच वहिनीच्या अंथरुणावर ठेवायचो.

त्याच दिवशी दुपारी मामा आला. मोरेश्वरमामा, आईचा थोरला भाऊ, आगाशीला राहायचा. वडील गेल्यापासून आमच्या घरात मोठं काही ठरायचं असलं की तोच ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. आमच्या पडत्या काळात तो उभा राहिला होता. फक्त एकदा त्याच्या मनात एक गोष्ट बसली की ती हलत नसे.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्यानं मला ओटीवर बसवून घेतलं. आई उंबऱ्याशी बसली होती. मामानं फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, हेमलता वयानं लहान आहे, तिचा सगळा जन्म पुढे आहे. तिला माहेरी पाठवली तर तिचे वडील किती दिवस पुरणार? इथे ठेवली तर कुठल्या नात्यानं? घरात तरणा दीर आहे, लोक तोंडं बंद ठेवणार नाहीत. आणि मनू आपल्या घरची पोर आहे, ती दुसऱ्याच्या दारात वाढायला नको. माघ लागला की घरच्या घरी चार माणसांत तुमचं दोघांचं लग्न लावून टाकू. वाडी एकत्र राहील, पोरीला बाप मिळेल, तुझ्या आईच्या जिवाला घोर राहणार नाही.

"तिला विचारलं?" मी म्हणालो.

मामा म्हणाला, विचारलं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाली. रविवारी अण्णांना बोलावलंय, तेव्हा पक्कं करू.

आई सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि पान जुळवायला घेतलं.

त्यानंतरचे एक-दोन दिवस घरात सगळेच जपून बोलत होते. वहिनी वाडीत यायची, पण माझ्यापासून दोन ओळी सोडून काम करायची. मीही तिच्याकडे गेलो नाही. आमच्या कात्र्यांचा आवाज तेवढा यायचा.

मग एका दुपारी ती माझ्या ओळीत आली. मनू आंब्याखाली झोळीत झोपली होती. मामा गावात कुणाकडे गेला होता आणि आई घरात आडवी झाली होती. वहिनी माझ्या समोरच्या झुडपाशी वाकली आणि कापता कापताच, वर न बघता म्हणाली, "भाऊजी, रविवारी तुम्ही नाही म्हणा."

मी थांबलो.

"तू तर मामाला हो म्हणालीस."

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले. याहून वेगळं काय म्हणणार होते?"

मग ती बोलत राहिली, हलक्या आणि सरळ आवाजात. वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं तिनं मला सांगितलं. ती स्वतः नको म्हणाली, तर मामा तिला अडवणार नाही. पण भालूचं पोर आमच्याकडे ठेवून जा, असं म्हणेल. अण्णा आवाज चढवणारे नाहीत. ते हात जोडतील, डोळे पुसतील आणि तिला एकटीलाच घेऊन जातील. नकार आमच्या घराकडून गेला तरच मनूला ठेवून घ्यायला कुणाला तोंड उरणार नाही. ट्रेनिंगच्या शाळेतल्या बाईंशी अण्णांनी बोलून ठेवलं होतं. जूनपासून तिला पुन्हा घ्यायला त्या तयार होत्या.

"लग्नाआधी वर्षभर मी वर्गात उभी राहिले होते," ती म्हणाली. "मुलं नीट ऐकायची माझं. तेवढं एक परत करून बघायचंय मला. मनूला घेऊन."

"आणि इथे राहून नाही होणार?"

"इथे मला कोण सोडणार शाळेत? आणि तुमच्याशी लग्न झाल्यावर कुठल्या तोंडानं मागणार मी?"

मी विचारलं, मी नाही म्हटलं तर मामा ऐकेल का? ती म्हणाली, साधं नाही म्हटलं तर नाही ऐकणार. सहा महिन्यांनी पुन्हा विचारेल, वर्षानं पुन्हा विचारेल, आणि तोवर मी इथेच. असं काहीतरी बोलावं लागेल की पुन्हा विषयच निघायला नको.

"असं काय बोलू?"

तिनं कात्री खाली ठेवली. "ते मी कसं सांगू? ते तुमच्यावर आहे."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मी एवढा नकोसा आहे का, वहिनी?"

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर मातीचा ओरखडा होता.

"नकोसे असता तर तुम्हाला सांगितलंच नसतं," ती म्हणाली. "या घरात दुसऱ्या कुणाकडे मागू शकत होते मी हे?"

"बरं," मी म्हणालो. एवढंच. झोळीतली मनू कुरकुरली आणि वहिनी उठून तिकडे गेली.

रविवारी सकाळी अण्णा आले. बारीक अंगाचे, काखेत छत्री, मनूसाठी चिकूची पिशवी. त्यांना काही कमी पडू नये म्हणून मामा स्वतः पाणी, चहा बघत होता. जेवणं झाल्यावर सगळे ओटीवर बसलो. आई नेहमीसारखी उंबऱ्याशी, वहिनी आत दाराआड. मनू माझ्या मांडीवर बसून चिकू खात होती. तिचे हात आणि माझा लेंगा चिकट झाला होता.

मामानं सगळं पुन्हा एकदा नीट मांडलं. अण्णा मान हलवत होते. मुलीचं भलं होत असेल तर मी कोण नाही म्हणणार, असं ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. मग मामा माझ्याकडे वळला. तुझ्या तोंडून एकदा शब्द येऊ दे म्हणजे झालं.

मी आदल्या रात्री काय काय ठरवून ठेवलं होतं. त्यातलं पहिलं काढलं. इतक्यात मला लग्नच करायचं नाही, म्हणालो. मामा हसला. घाई नाही, वर्षभर थांबू, म्हणाला. मी म्हणालो, लोक हसतील. तो म्हणाला, आपल्याच गावात दोन घरांत झालंय, कोण हसलं? मी म्हणालो, माझं मन तयार होत नाही. मन होईल तयार, तो म्हणाला, सगळ्यांचं होतं. वहिनी म्हणाली होती अगदी तसंच चाललं होतं. अण्णासुद्धा आता माझ्याकडे आशेनं बघायला लागले होते.

मनूनं चिकूची बी माझ्या तळहातावर ठेवली आणि आणखी मागायला तोंड वर केलं. तेव्हा मला कळलं काय बोलायला लागणार आहे ते. मी तिला मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं.

"मला हे पोर नको," मी म्हणालो.

मग मी पुढे बोललो. "दुसऱ्याचं पोर मी जन्मभर वागवणार नाही. भाईचं असलं तरी नाही. मला माझी मुलं हवीत. उद्या हिला माझ्या हातून नीट वागवलं जाईल असं मी सांगू शकत नाही, आणि ही या घरात मला नकोच आहे."

मनू पुन्हा माझ्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती. मी तिची बोटं सोडवली.

मामाचा चेहरा काळा पडला. भालूचं पोर दुसऱ्याचं, असं तो स्वतःशीच दोनदा म्हणाला. तो माझ्यावर हात टाकेल असं मला वाटलं. पण त्याच्या आधी आई उठली. ती माझ्याकडे न बघता पुढे आली, मनूला कडेवर घेतलं आणि तिला नेऊन अण्णांच्या मांडीवर बसवलं.

"अण्णा, हिला आणि हिच्या आईला उद्याच घेऊन जा," आई म्हणाली. "जिथे पोर नको झालं तिथे ते ठेवायचं नाही. आमच्याकडून कुणी परत न्यायला येणार नाही. मोरू, तूही ऐकून ठेव."

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आणि तू मला हाक मारू नकोस."

दाराआड वहिनी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी वाडीत गेलो. दाबलेल्या फांद्या एकेक करून मूळ झुडपापासून तोडल्या, मातीच्या गड्ड्यासकट काढल्या, केळीच्या ओल्या सोपटांत गुंडाळून बांधल्या आणि दारात उभ्या असलेल्या बैलगाडीत नेऊन ठेवल्या. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी बाहेर आली, तिनं ती रोपं बघितली आणि उन्हाची तिरीप लागू नये म्हणून सामानाच्या आडोशाला सारली. आई दारात उभी होती, त्यामुळे ती माझ्याशी काही बोलली नाही, मीही नाही. ती आईच्या पाया पडली. आईनं तिला उठवलं आणि बराच वेळ दंडाला धरून ठेवलं.

गाडी निघाली तेव्हा मनूनं माझ्याकडे हात पसरले. तिला वाटलं मीही येतो आहे. मामा शेजारीच उभा होता. मी पाठ फिरवून वाडीत निघून गेलो आणि उरलेली ओळ छाटायला घेतली.

मामा त्याच दिवशी गेला. जाताना मला म्हणाला की तुझ्या बापानं हे ऐकलं नाही हे त्याचं नशीब. त्यानंतर तो आमच्या घरी आला तो फक्त आईला भेटायला, आणि मी समोर असलो तर परसात जाऊन बसायचा.

त्या उन्हाळ्यात वाडी अशी फुलली की कळ्या खुडायला बाहेरून बायका बोलवाव्या लागल्या. वहिनीची छाटणी बरोबर होती. आई एका ओळीत खुडायची, मी दुसऱ्या. ती माझ्याशी बोलत नव्हती. पान वाढून ठेवायची आणि भिंतीकडे बघून जेवण झालंय म्हणायची. गावात तर ती गोष्ट घरोघर गेली. मेलेल्या भावाच्या पोरीला घराबाहेर काढणारा, अशी माझी ओळख झाली. लोक तोंडावर काही म्हणत नसत. पण एखादं लहान मूल माझ्याजवळ आलं की त्याची आई त्याला हाक मारून घेई.

मला कुणी मुलगी द्यायला तयार होईना. पुढे बऱ्याच उशिरा तारापूरच्या सरोजशी माझं लग्न झालं. तिच्या घरचे गरीब होते, आणि मला वाटतं त्यांना पुरती चौकशी करायला वेळ नव्हता. गोष्ट तिच्या कानावर लग्नानंतर गेली. तिनं मला एकदाच विचारलं, आपल्याला मूल झालं तर तुम्ही त्याला जवळ घ्याल ना? मी हो म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. मुलगा झाल्यावर मी त्याला खांद्यावर घेऊन ओटीवर फेऱ्या मारायचो तेव्हा ती दारात उभी राहून बघायची. तिला काही जुळत नसावं. आई सरोजशी बोलायची, नातवाशी बोलायची. माझ्याशी कामापुरतं.

बोर्डीहून कधीमधी दुसऱ्या कुणाकडून खबर यायची. हेमलता शिक्षिका झाली. अण्णा वारले. मनू शाळेत जाते. यापलीकडे काही नाही.

मामा गेला त्या वर्षी मनू चौथीत असावी. त्याचे दिवसवार करून आई आगाशीहून परतली आणि दुसऱ्याच सकाळी वाडीत आली. छाटणी चालू होती. आईला आता वाकवत नव्हतं. ती टोपली उपडी घालून तिच्यावर बसली आणि मी कापलेल्या काटक्या गोळा करू लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मोरू गेला. आता बोलायला हरकत नाही."

मला वाटलं ती सरोजशीच बोलते आहे. मी वळून बघितलं. आम्ही दोघंच होतो.

"तुला तिनं सांगितलं होतं ना तसं बोलायला?" आईनं विचारलं.

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. "शब्द तिचे नव्हते," मी म्हणालो. "शब्द माझे होते."

"ते कळलं मला. तिनं पोराचं नाव काढू दिलं नसतं." आईनं दोन काटक्या टोपलीशी टेकवून ठेवल्या. "पोराला बाजूला केलंस ते मी बघितलं. नको असलेलं पोर कुणी इतक्या हळू खाली ठेवत नाही."

"म्हणजे तुला तेव्हाच समजलं?"

"तेव्हाच. म्हणून तर मी उठले. मोरू बोलायच्या आत पोर अण्णांच्या मांडीवर द्यायला हवं होतं. तो एकदा बोलला असता तर मागे हटला नसता."

मी खाली बसलो. आई आपल्याच हातांकडे बघत होती.

"ती फांद्या दाबायला लागली त्या दिवशीच मला कळलं होतं ही इथे राहायची नाही," ती म्हणाली. "म्हणून घाई केली. मोरूला मीच बोलावलं होतं. तो आपणहून आला नव्हता."

"वाडीसाठी?"

"वाडीसाठी नाही. मनूसाठीसुद्धा नाही, खरं सांगायचं तर. तुझ्यासाठी. तुला ती आवडायला लागली होती. मोरू ओटीवर बोलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू दाढी करून धुतलेला सदरा घालून छाटणीला गेलास. चिखलामातीच्या कामाला."

मला त्या सदऱ्याचं काही आठवत नव्हतं. पण बाकीचं खरं होतं, आणि ते इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मनातल्या मनातही नाही. भाई होता तोवर तसं काही नव्हतं, हे मी आजही कुणाच्याही समोर सांगेन. तो गेल्यावर, त्या रिकाम्या महिन्यांत, रोज सकाळी ती वाडीत कधी येते याची मी वाट बघायला लागलो होतो. मामा ओटीवर बोलत होता तेव्हा माझ्या छातीत काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. तिला विचारलं का, असं मी विचारलं ते ती काय म्हणाली ते ऐकायला मला हवं होतं म्हणून. आणि पुढचे दोन दिवस तिच्यापासून लांब राहून काम केलं ते चेहऱ्यावर दिसेल या भीतीनं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस माझ्याशी?" मी विचारलं.

"बोलले असते तर मोरूला वास लागला असता. तो बोर्डीला जाऊन पोर घेऊन आला असता. आणि राग तर होताच मला. तुझा नाही, तिचाही नाही. पण ठेवायचा कुठे?"

मग ती टोपलीला धरून उठली आणि म्हणाली, मला एकदा मनूला बघायचंय.

त्या महिन्यात आम्ही दोघं बोर्डीला गेलो. वहिनी शाळेतून नुकतीच आली होती. खांद्याला पिशवी, बोटांना खडू. केसांत थोडं पांढरं आलं होतं आणि आवाज भरदार झाला होता. तिनं आईला बघितलं आणि पिशवी तिथेच दारात ठेवून तिच्या पाया पडली. आईनं तिला उठवलं आणि दोघी आत गेल्या. मी अंगणात राहिलो.

कुंपणाच्या कडेनं मोगऱ्याची झुडपं होती. वेड्यावाकड्या फांद्या, खाली लाकूड, वर नुसती पानं. शाळेपुढे बघायला होत नाही हो, नुसती माजलीत, असं वहिनी आतूनच म्हणाली. मी कात्री मागून घेतली आणि कामाला लागलो. थोड्या वेळानं दोन वेण्या घातलेली एक मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. भाईचे डोळे होते. ती काही न विचारता काटक्या उचलायला लागली.

"तुम्ही जयूकाका ना?" ती म्हणाली. "आई म्हणते लहानपणी मी तुमच्याच खांद्यावर झोपायचे."

"हो," मी म्हणालो.

"मला नाही आठवत."

"तू फार लहान होतीस."

ती मग मला तिच्या शाळेचं सांगत राहिली. मी सगळी झुडपं गुडघ्याखाली उतरवली, बुडाशी खणून ऊन लागेल अशी माती मोकळी केली आणि पाणी कधी सुरू करायचं ते तिला समजावलं. आत आई आणि वहिनी काय बोलल्या ते मला माहीत नाही. जेवायला बसलो तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी मनूच्या गणितावर हसत होत्या.

निघताना वहिनी रस्त्यापर्यंत आली. आई मनूचा हात धरून पुढे गेली होती. वहिनी म्हणाली, "त्या दिवशी मी काय मागितलं ते मला तेव्हा कळत नव्हतं, भाऊजी. गावात तुम्हाला काय काय ऐकावं लागलं ते नंतर कानावर यायचं. तेवढं एक मनाला लागून आहे."

"लोक विसरले," मी म्हणालो. "सरोज आहे, मुलगा आहे. माझं चांगलं चाललंय." आणि ते खरंच होतं.

"तिला आणा एकदा," वहिनी म्हणाली.

पालघरच्या एसटीत आम्हाला बसायला जागा मिळाली. आई खिडकीशी बसली. बोर्डी मागे पडली, समुद्र दिसेनासा झाला. मला वाटलं दमली आहे, डोळा लागला असेल. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "सगळं बोलले मी तिच्याशी. मोरूचं, माझं. मला तेव्हाच कळलं होतं तेही सांगितलं."

"बरं."

"तुझं मात्र नाही सांगितलं."

पुढच्या बाकावर कुणाचं तरी मूल उभं राहून आमच्याकडे बघत होतं. मी त्याच्याकडे बघून हसलो.

"बरं केलंस, आई," मी म्हणालो.